हप्त्यांवरील भ्रमणध्वनी आणि ग्राहकाचे हक्क

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांत कांद्याला काय भाव निघाला, हे पूर्वी माल घेऊन गेलेला शेतकरी परत आल्यावरच गावाला कळत असे. आज लिलाव सुरू असतानाच ही वार्ता सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत पोहोचते. बँकेत अनुदान जमा झाल्याचा संदेश, पैसे काढण्यासाठी लागणारा सांकेतिक अंक, मुलांच्या शाळेची सूचना, हे सारे भ्रमणध्वनीवरच येते. २०२१ सालापासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून याच साधनाने करावयाची आहे. भ्रमणध्वनी ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. तो संसारातील एक आवश्यक साधन झाला आहे.

मात्र हे साधन स्वस्त नाही. मोलमजुरी करणाऱ्या वा अल्पभूधारक कुटुंबाला त्याची पूर्ण किंमत एकरकमी देणे परवडत नाही. साहजिकच खरेदी हप्त्यांवर होते. अशा संचात महिन्या-दोन महिन्यांतच बिघाड झाला, तर कुटुंबावर दुहेरी संकट कोसळते. साधन बंद पडते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनीचे दुरुस्ती केंद्र ग्राहकाच्या हाताळणीला दोष देते आणि कर्ज देणारी संस्था आपला बिघाडाशी संबंध नाही असे सांगते. अशा वेळी कायदा ग्राहकाच्या बाजूने कोठवर उभा आहे आणि त्याचा लाभ घेण्यासाठी ग्राहकाने काय करावयास हवे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

एका खरेदीतील चार नाती

पाश्चात्य देशांत दूरध्वनी कंपनीशी एक-दोन वर्षांचा करार करून संच घेण्याची पद्धत रूढ आहे. संचाची किंमत व सेवेचे शुल्क दरमहा एकत्र वसूल केले जाते. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला भ्रमणध्वनी संवाद झाला. परंतु ही पद्धत येथे फारशी रुजली नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने आरंभी ५०१ रुपये घेऊन संच व जोडणी एकत्र देण्याची योजना आणली होती. २०१७ साली जिओने १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर संच दिले. आज सर्वत्र दिसणारा प्रकार निराळा आहे. संच दुकानदाराकडून घ्यावयाचा, त्याची किंमत वित्तसंस्थेने भागवावयाची आणि ग्राहकाने ती संस्थेला हप्त्यांनी फेडावयाची, असे त्याचे स्वरूप आहे.

अशा खरेदीत ग्राहक अर्ध्या-पाऊण तासात चार निरनिराळ्या पक्षांशी बांधला जातो. पहिले नाते विक्रेत्याशी असते व त्याचा पुरावा म्हणजे पावती. दुसरे उत्पादकाशी असते व त्याचा पुरावा म्हणजे हमीपत्र. तिसरे वित्तसंस्थेशी असते व त्याचा पुरावा म्हणजे कर्जाचा करारनामा. चौथे नाते दूरसंचार कंपनीशी असते. तिच्याकडून सिमकार्ड व सेवा मिळते. बिघाड झाल्यावर होणारा गोंधळ बव्हंशी ही चार नाती एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. कोणत्या नात्यात कोणाची जबाबदारी आहे, हे ओळखणे हा या पाठाचा गाभा आहे.

हप्ता बाकी असला तरी ग्राहकच

“अजून पूर्ण पैसे भरलेले नाहीत, मग तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची?” अशी शंका अनेकांच्या मनात असते. ती निराधार आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला व्यापक कायदा देशात १९८६ साली झाला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याआधीच महाराष्ट्रात या विचाराची पेरणी झाली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याची जागा पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घेतली. त्यातील बहुतांश तरतुदी जुलै २०२० मध्ये अंमलात आल्या.

या अधिनियमात ग्राहकाची व्याख्या करताना, किंमत पूर्ण दिलेली असो, देण्याचे केवळ वचन दिलेले असो, काही दिली व काही देणे बाकी असो किंवा ती पुढे हप्त्यांनी द्यावयाची असो, खरेदी करणारी व्यक्ती ग्राहकच होय, असे स्पष्ट म्हटले आहे. पहिला हप्ता भरलेल्या शेतमजुराचा हक्क आणि रोख रक्कम मोजणाऱ्या व्यापाऱ्याचा हक्क यांत कायदा भेद करीत नाही.

खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो. वडिलांच्या नावे घेतलेला संच महाविद्यालयात शिकणारी मुलगी वापरीत असेल, तर तिलाही दाद मागता येते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली वस्तू मात्र या व्याख्येत बसत नाही. तथापि स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला यातून सूट आहे. भाजी विक्रेती वा रिक्षाचालक यांनी आपल्या धंद्यात वापरलेला संच या सवलतीत येऊ शकतो.

दोष संचाचा की सेवेचा?

तक्रार करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. आवाज तुटतो, संपर्क लागत नाही, अशी तक्रार असल्यास तेच सिमकार्ड दुसऱ्या चांगल्या संचात घालून पाहावे. तेथेही तोच अनुभव आला, तर दोष सेवेत असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या संचात सेवा सुरळीत चालली, तर दोष संचात आहे असे समजण्यास आधार मिळतो. कायद्याच्या भाषेत पहिल्याला सेवेतील त्रुटी व दुसऱ्याला वस्तूतील दोष म्हणतात.

सेवेची तक्रार प्रथम दूरसंचार कंपनीच्या तक्रार केंद्राकडे करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली केलेल्या विनियमांनुसार तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. दूरध्वनीविषयक वाद ग्राहक न्यायमंचापुढे चालतच नाहीत, असा समज २००९ सालच्या एका न्यायनिर्णयामुळे पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो दूर केला. दूरसंचार सेवेचा ग्राहकही ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

विक्रेत्याला हात झटकता येतील काय?

समजा, निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने नाशिकच्या एका दुकानातून १५,००० रुपयांचा संच घेतला. ३,००० रुपये रोख दिले आणि उरलेले १२,००० रुपये बारा हप्त्यांत फेडण्याचा करार केला. विसाव्या दिवशी संचाचा पडदा काळा पडला. दुकानदाराने “आम्ही फक्त विकतो, दुरुस्ती कंपनी करते” असे उत्तर दिले. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

खरेदीचा करार ग्राहक आणि विक्रेता यांच्यात झालेला असतो. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे वस्तू सर्वसाधारणपणे विक्रीयोग्य दर्जाची असावी, ही अट करारात लिहिलेली नसली तरी गृहीत धरली जाते. उत्पादकाने हमीपत्र दिले म्हणून विक्रेत्याची ही जबाबदारी संपत नाही. तिला उत्पादकाची जोड मिळते. म्हणून तक्रारीत विक्रेता, उत्पादक आणि अधिकृत दुरुस्ती केंद्र या तिघांनाही पक्षकार करणे हिताचे असते. तसे केल्यास एकाला दुसऱ्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

“विकलेला माल परत घेतला जाणार नाही” हे वाक्य पुष्कळ पावत्यांवर छापलेले आढळते. सदोष मालाच्या बाबतीत या वाक्याच्या आड विक्रेत्याला लपता येत नाही. पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही २०१९ च्या अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावती न देणे ही सुद्धा अशीच प्रथा होय. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू नाकारण्यासाठी ग्राहकाला ३० दिवसांची मुदत दिली आहे.  आपल्या ग्राहकानेही पहिल्या ३० दिवसांचे मोल ओळखले पाहिजे. वरील उदाहरणातील शेतकऱ्याचा संच विसाव्या दिवशी बिघडला. त्याने त्याच आठवड्यात लेखी तक्रार दिली तर त्याची बाजू बळकट होते. दोन महिने तोंडी विनवण्यांत घालविले तर ती तितकीच दुबळी होते.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा. संच नुसता बंद पडला तर ती सदोष वस्तूची तक्रार होय. बॅटरी फुटून हात भाजला किंवा घरातील अन्य वस्तू जळाली, तर अधिनियमातील उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण लागू होते आणि त्याखाली इजेची भरपाई मागता येते. फुगलेली बॅटरी असलेला संच वापरणे वा भारित करणे तत्काळ थांबवावे.

हप्ते थांबवावेत काय?

ग्राहकाची सर्वांत महाग पडणारी चूक येथेच होते. संच चालत नाही म्हणून तो रागाने हप्ता बंद करतो. परंतु कर्जाचा करार खरेदीच्या करारापासून वेगळा असतो. वित्तसंस्थेने विक्रेत्याला पैसे दिलेले असतात आणि संचाच्या दर्जाची हमी तिने बहुधा दिलेली नसते. हप्ता चुकला की दंड व व्याज चढते आणि कर्जफेडीच्या नोंदीवर डाग पडतो. पुढे पीककर्ज वा घरकर्ज मागताना हाच डाग आडवा येतो. पंधरा हजारांच्या संचासाठी लाखांच्या कर्जाची वाट बंद होऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून हप्ते नियमित भरावेत. मात्र वित्तसंस्थेला बिघाडाची लेखी सूचना द्यावी. आयोगाकडे तक्रार करताना भरलेले हप्ते, व्याज व प्रक्रिया शुल्क यांचा हिशेब जोडून त्यांची भरपाई मागावी. न मागितलेला विमा वा अन्य सेवा कर्जात घुसडलेली आढळल्यास, किंवा वसुलीसाठी धाकदपटशा झाल्यास, ती वित्तसंस्थेविरुद्धची स्वतंत्र तक्रार होते. ती प्रथम संस्थेकडे लेखी करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत येणाऱ्या संस्थांविरुद्ध लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

पुराव्याची जपणूक

ग्राहकाचे प्रकरण त्याच्या कागदांइतकेच भक्कम असते. छापील पावती, हमीपत्र, कर्जाचा करारनामा आणि हप्ते भरल्याच्या नोंदी एका पाकिटात ठेवाव्यात. प्रत्येक संचाला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो. संचावर *#०६# ही कळ दाबली असता तो दिसतो. पावतीवरील क्रमांक व संचातील क्रमांक एकच आहेत, याची खात्री दुकानातच करून घ्यावी. ते जुळले नाहीत तर हमीचा लाभ नाकारला जाण्याचा धोका असतो.

संच दुरुस्तीस देताना मिळणारी नोंदपावती, म्हणजे जॉबशीट, हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा होय. त्यावर तारीख, दोषाचे नेमके वर्णन आणि संचाची बाह्य स्थिती लिहिलेली आहे ना, हे वाचूनच सही करावी. “पाण्याने खराब” किंवा “पडल्याने तुटला” असा शेरा चुकीचा असल्यास तेथेच लेखी हरकत नोंदवावी. संच देण्यापूर्वी सिमकार्ड काढून घ्यावे व आतील माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. तीन वेळा दुरुस्ती होऊनही तोच दोष परत येत असेल, तर त्या तीन नोंदपावत्याच उत्पादनातील दोषाविषयी बोलू लागतात.

हमीच्या काळात अनधिकृत कारागिराकडून संच उघडून घेऊ नये. शे-दोनशे रुपये वाचविण्याच्या नादात हमी जाते आणि पुढे प्रयोगशाळेकडून तपासणी करण्याची वेळ आल्यास दोष मूळचा की नंतरचा, हे ठरविणे अवघड होते.

हमीच्या मुदतीकडे दुर्लक्ष झाले की प्रश्न कसा चिघळतो, हे राज्याने २०२१ साली पाहिले. शासनाकडून मिळालेले संच वारंवार बंद पडतात, त्यांची क्षमता अपुरी आहे आणि हमीची मुदत संपल्याने दुरुस्तीचा भार अंगावर येतो, अशी तक्रार करून त्या वर्षी अंगणवाडी सेविकांनी ठिकठिकाणी आपले संच परत केले होते. एका घराला जो नियम, तोच शेकडो संच खरेदी करणाऱ्या कार्यालयालाही लागू आहे. हमी संपण्याची तारीख खरेदीच्या दिवशीच नोंदवहीत लिहून ठेवावी आणि दोष दिसताच त्या तारखेच्या आत लेखी कळवावे.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी लेखी तक्रारीची. विक्रेता व उत्पादक यांना पोचदेय टपालाने अर्ज पाठवावा. त्यात खरेदीची तारीख, पावती क्रमांक, आयएमईआय क्रमांक, दोष प्रथम दिसल्याचा दिवस, दुरुस्तीच्या तारखा, आपली मागणी आणि तिच्या पूर्ततेसाठी पंधरा दिवसांसारखी वाजवी मुदत एवढ्या बाबी पुरेशा आहेत. मागणी एकच व निश्चित असावी: संच बदलून द्यावा, अथवा किंमत परत करावी. संतापाचे शब्द अर्जाचे बळ वाढवीत नाहीत.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीची. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून तक्रार नोंदविता येते. अनेक कंपन्या या टप्प्यावरच तडजोड करतात. ही मदतवाहिनी निकाल देत नाही. ती मध्यस्थी करते. म्हणून तिच्यावर विसंबून कायद्याची मुदत गमावू नये.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. वस्तूपोटी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात, आणि ही किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ही २०१९ च्या अधिनियमाची मोठी देणगी होय. पूर्वी विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण घडल्याचे ठिकाण पाहावे लागे. आता पेठ वा कळवण येथील ग्राहकाने दूरच्या राज्यातील कंपनीकडून घरबसल्या संच मागविला असला, तरी त्याला नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाले आहे.

तक्रार दाखल करून घेण्याविषयीचा निर्णय साधारणतः २१ दिवसांत व्हावा, विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत उत्तर द्यावे व आयोगाने फार तर १५ दिवस वाढवून द्यावेत, असे कायदा सांगतो. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर संच मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत व लागत असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असा दंडक आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा याहून अधिक काळ जातो, हे ध्यानात घेऊन ग्राहकाने धीर धरावा. दोन्ही पक्षांची संमती असल्यास मध्यस्थीनेही वाद मिटविता येतो.

आयोग दोष दूर करण्याचा, संच बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, तसेच नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५,००० रुपये ते एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या सर्व हक्कांना काळाची एक सीमा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे गेले पाहिजे. त्यानंतर विलंबाचे समाधानकारक कारण पटवून द्यावे लागते.

गावपातळीवरील कार्य

कायदा ग्रंथात राहिला तर तो ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी मांडावा. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन व १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन, हे त्यासाठी योग्य प्रसंग आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घरातील एखादी पावती आणावयास सांगून तिच्यावर काय असावे व काय नाही, हे तपासून घ्यावे. विक्रेत्यास लिहावयाचा तक्रार अर्ज हा निबंधाइतकाच उपयुक्त लेखनाभ्यास आहे. ग्रामपंचायत कार्यालयाच्या फलकावर १९१५ हा क्रमांक आणि “तीस दिवस, दोन वर्षे” या दोन मुदती लिहून ठेवल्या, तरी पुष्कळ काम साधेल.

निफाडच्या त्या काल्पनिक शेतकऱ्याचा संच बंद पडला, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. नशिबाला बोल लावून उरलेले हप्ते भरीत राहावे, ही एक. आणि पावती, नोंदपावती व एक साधा अर्ज घेऊन आपला हक्क मागावा, ही दुसरी. हप्ता त्याला दोन्ही वाटांवर भरावयाचाच आहे. दुसऱ्या वाटेवर मात्र त्याच्या घामाचा पैसा परत मिळण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. ती वाट त्याला दाखविणे, हे गावातील प्रत्येक सुशिक्षित माणसाचे कर्तव्य होय.